कुत्र्याला आपल्या ताटातलं मसालेदार जेवण: आम्ही तिखटाला घाबरलो, कांद्याकडे बघितलंच नाही

कवडसा

नमस्कार. हा धागा खरं तर तीन दिवसांपूर्वीच काढायचा होता, पण चिकू दवाखान्यातून घरी येईपर्यंत लिहायला बसवलंच नाही.

चिकू सहा वर्षांचा आहे, वजन नऊ किलो. रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू, त्यामुळे जात सांगता येणार नाही. आजवर त्याचं खाणं साधं होतं: भात, उकडलेलं चिकन नाहीतर अंडं, आणि जोडीला पाकिटातलं कोरडं खाणं. गेल्या महिन्यात घरी पाहुणे होते. दहा-अकरा दिवस रोज काही ना काही रश्श्याचं होत होतं. सासूबाई उरलेल्या रश्श्यात भात कालवून त्याला दोन्ही वेळा घालायच्या. त्याला ते इतकं आवडायला लागलं की साधा भात पुढे ठेवला तर हुंगायचा आणि निघून जायचा.

आईंनी हे निष्काळजीपणाने केलं असं कुणी समजू नका. तिखट लागू नये म्हणून त्या रश्श्यात पाणी घालायच्या, मांसाचे तुकडे नळाखाली धरून धुवायच्या, हाडं वेगळी काढायच्या. कांद्याच्या फोडी दिसल्या तर त्याही बोटाने बाजूला करायच्या. पण रश्श्याचा दाटपणा मुळात वाटलेल्या कांद्याचा आणि लसणाचा असतो. तो बोटाने कसा बाजूला होणार?

बाराव्या दिवशी चिकू सोफ्यावर चढेना. उडी मारायच्या पवित्र्यात उभा राहायचा आणि मग खालीच बसायचा. आम्हाला वाटलं पाय मुरगळला असेल. संध्याकाळी फिरायला नेलं तर कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबला आणि लघवी केली. ती काळ्या चहाच्या रंगाची होती. घरी आणून मी त्याचा ओठ वर केला. नेहमी गुलाबी असणारी हिरडी धुतलेल्या फडक्यासारखी पांढुरकी झाली होती.

दवाखान्यात पहिला प्रश्न हाच आला: "कांदा-लसूण पोटात गेलंय का?" रक्त काढलं. पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण, २२ टक्के. कुत्र्यांमध्ये ते साधारण ३७ ते ५५ असावं लागतं. दोन रात्री सलाईनवर होता. रक्त चढवायची तयारी ठेवली होती, पण नशिबाने वेळ आली नाही. आता घरी आहे, खातो आहे, झोपून असतो.

इतकी वर्षं कुत्रा पाळून मला एवढंच माहीत होतं की कुत्र्याला तिखट देऊ नये, चॉकलेट देऊ नये. रोजच्या फोडणीतला कांदा त्याला मारू शकतो हे कुणी कधी सांगितलं नाही. म्हणून विचारते आहे: आपल्या मसालेदार जेवणात नेमकं काय वाईट आणि काय चालतं? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा. माझ्यासारख्या अजून कितीतरी जणी असतील.

दीपमाळ

वाचतानाच पोटात गोळा आला. चिकूला लवकर बरं वाटू दे. आमच्याकडेही रोज थोडं थोडं दिलं जातं. आजपासून बंद.

रानवाट

कवडसा, चिकूबद्दल वाईट वाटलं. पण एक प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. आमच्या घरी आजवर तीन कुत्री झाली. तिन्ही ताटातलं उरलेलं खाऊनच वाढली. त्यात कांदा होता, लसूण होता, मीठ-मसाला सगळं होतं. एक तर चौदा वर्षं जगलं. मग सगळ्यांनी इतकं घाबरावं का? कुत्रा माणसाच्या उष्ट्यावरच तर हजारो वर्षं जगत आला आहे.

पाऊलठसा

मी पशुवैद्यक आहे, लहान प्राण्यांवर उपचार करते. कवडसा, तुम्ही ओठ वर करून हिरडी बघितलीत, त्याच संध्याकाळी उचलून नेलंत, यामुळे तो वाचला. पाय मुरगळला असेल म्हणून अजून दोन दिवस वाट बघणारे खूप असतात.

आधी मूळ मुद्दा. कांदा, लसूण, पातीचा कांदा, लीक, चाइव्ह ही सगळी एका कुळातली मंडळी. ती चिरली, ठेचली, चावली की त्यांच्यातून गंधकयुक्त द्रव्यं तयार होतात. कांद्याला वास येतो तो याच जातीच्या द्रव्यांमुळे. ती कुत्र्याच्या रक्तात गेली की तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. बिघडलेलं हिमोग्लोबिन गोळा होऊन पेशीच्या कडेला टेंगळासारखं चिकटतं. त्याला हाइन्झ बॉडी म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती टेंगळं स्पष्ट दिसतात. अशा पेशी ताठर होतात, फुटतात, किंवा प्लीहा त्यांना ओळखून मोडीत काढते. चिकूची लघवी काळ्या चहासारखी झाली ती फुटलेल्या पेशींमधलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून बाहेर पडत होतं म्हणून. माणसाच्या पेशी हा मारा सहज पचवतात. कुत्र्याच्या पचवत नाहीत, मांजराच्या तर अजिबात नाहीत.

प्रमाण किती? एका वेळी शरीराच्या वजनाच्या ०.५ टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला तर विषबाधेची दाट शक्यता धरतात. नऊ किलोच्या कुत्र्याला हे झालं ४५ ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा निम्मा भाग. दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम गेला तर रक्तात ठळक बदल दिसतातच. आणि एकदम खायलाच हवा असं नाही. रोज थोडा थोडा जात राहिला तरी नुकसान साठत जातं, कारण नव्या पेशी तयार होण्याच्या वेगापेक्षा जुन्या फुटण्याचा वेग वाढतो. चिकूच्या बाबतीत हेच झालेलं दिसतं.

शिजवून, तळून, वाळवून या द्रव्यांचा जोर जात नाही. "आम्ही कच्चा कुठे देतो, शिजलेलाच असतो" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. उलट कांद्याची किंवा लसणाची पावडर जास्त धोक्याची. ताज्या कांद्यात ८९ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते काढून टाकलं की चमचाभर पावडरीत बराच कांदा मावतो.

आणखी एक, हे नीट लक्षात ठेवा. खाल्ल्या दिवशी एखादी उलटी होईल, नाहीतर काहीच होणार नाही. खरी लक्षणं बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांनी दिसतात. तोवर घरचे लोक त्या जेवणाचा आणि या आजाराचा संबंध जोडत नाहीत.

रानवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर रात्री लिहिते. आता ओपीडी आहे.

वळीव

डॉक्टर, मोठीच मदत केलीत. एक विचारायचं होतं. पिसवा होऊ नयेत म्हणून लसणाची पाकळी ठेचून खाण्यात घालायची, असं मला एका ओळखीच्यांनी सांगितलं होतं. मी सहा महिने घालते आहे. कुत्रा ३२ किलोचा आहे, अगदी ठणठणीत दिसतो. तरी बंद करू का?

पाऊलठसा

वळीव, बंद करा. पिसवा जातात याला पुरावा नाही, आणि लसूण कांद्यापेक्षा सौम्य तर नाहीच, वजनाला वजन धरलं तर काही पट तीव्र मानला जातो. ३२ किलोच्या कुत्र्याला एक पाकळी म्हणजे तसा छोटा डोस, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण फायदा नसताना रोज का घालायचा? पिसवांसाठी आज सुरक्षित गोळ्या आणि मानेवर टाकायचे थेंब मिळतात. वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या.

लसणावर २००० साली प्रसिद्ध झालेला एक जपानी प्रयोग आहे. चार कुत्र्यांना दर किलोमागे ५ ग्रॅम लसणाएवढा अर्क सात दिवस दिला. एकही कुत्रा उघड आजारी पडला नाही, पण सगळ्यांच्या तांबड्या पेशी बिघडलेल्या दिसल्या. संशोधकांनी निष्कर्ष काढला तो हाच की कुत्र्यांना लसूणयुक्त खाणं देऊ नये. बाहेरून ठणठणीत आणि आतून ठणठणीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रानवाट, आता तुमचं. चौदा वर्षं जगलेलं कुत्रं खरं आहे, ते मी नाकारत नाही. कुत्र्याची तांबडी पेशी साधारण ११० दिवस जगते आणि अस्थिमज्जा सतत नव्या पेशी घडवत असते. तरुण, धडधाकट, वजनाने मोठा कुत्रा रोजचं थोडं नुकसान भरून काढतो. पीसीव्ही ४५ वरून ३५ वर आला तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तो थोडा जास्त झोपतो, थोडा कमी पळतो. त्यात दुसरं काही आजारपण आलं किंवा डोस वाढला की मग एकदम कोसळतो. शिवाय सगळी कुत्री सारखी नसतात. अकिता आणि शिबा इनू या जपानी जातींच्या पेशींची घडणच अशी असते की कमी कांद्यानेही त्यांना जास्त त्रास होतो. आपल्याकडचा कुत्रा किती सोसेल हे आधी कळायला काही मार्ग नाही.

उष्ट्यावर जगण्याचा मुद्दा मात्र निम्मा बरोबर आहे आणि तो मला स्वतःला फार आवडतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. स्टार्च पचवणारं विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०. म्हणजे माणसाच्या वस्तीजवळ राहून कुत्रा धान्य पचवायला शिकला. भात त्याला पचतो तो त्यामुळे. पण स्टार्च पचवणं वेगळं आणि कांद्यातलं गंधक सोसणं वेगळं. ते तो शिकलेला नाही.

रानवाट

पटलं. मनापासून धन्यवाद. आता मागे वळून बघतो तर आमचा शेवटचा कुत्रा अखेरची दोन वर्षं जिना चढून आला की धापा टाकायचा. आम्ही वय झालं म्हणायचो. त्याचं रक्त कधी तपासलं नाही, त्यामुळे कारण काय होतं ते सांगता येत नाही. पण एकदा तरी तपासायला हवं होतं. हे वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.

मधुमालती

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी आहे, म्हणून कवडसाच्या सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द लिहिते. आम्ही जे जेवतो ते मुक्या जिवालाही मिळावं, त्याला वेगळं बेचव काही घालू नये, ही त्यामागची भावना असते. आपण चवीचं खायचं आणि त्याच्यापुढे अळणी भात टाकायचा हे हाताला बरं वाटत नाही. माझ्याही हातून हेच झालं आहे. कवडसा, आईंना बोल लावू नकोस गं. त्यांना आधीच फार लागलं असेल.

कवडसा

मधुमालतीताई, तुमचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. रडल्या. म्हणाल्या, मी तिखट धुतलं, मला काय माहीत. मीही त्यांना बोललेले नाही, मलाच कुठे माहीत होतं?

पाऊलठसा

मधुमालतीताई, तुम्ही लिहिलंत ते फार खरं आहे. त्यावर एकच सांगते, कदाचित हाताला बरं वाटेल. आपल्या जिभेवर साधारण नऊ हजार चवकळ्या असतात, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. तो जेवणाचा आनंद मुख्यतः नाकाने घेतो. उकडलेल्या चिकनचं कोमट पाणी भातावर ओतलं तर त्याच्या दृष्टीने ती मेजवानी असते. अळणी हे आपल्या जिभेचं दुःख आहे, त्याचं नाही. चिकू रश्श्याच्या मागे लागला तो त्यातल्या मांसाच्या आणि चरबीच्या वासासाठी.

ओलीमाती

मग तिखटाचं काय? मिरची विषारी नाही का?

पाऊलठसा

मिरचीतल्या कॅप्सायसिनने कुत्र्याच्या तोंडाची आणि आतड्याची आग होते, आपल्यासारखीच. लाळ गळते, उलटी होते, जुलाब होतात, दुसऱ्या दिवशी शी करताना विव्हळतो. त्रास आहे, क्रूरपणाही आहे, पण नेहमीच्या जेवणातल्या मिरचीने पेशी फुटत नाहीत की मूत्रपिंड जात नाही. गंमत बघा, नाही, गंमत नाही म्हणत, खंत वाटते: ज्याला सगळे घाबरतात ती मिरची या यादीत बरीच खाली आहे, आणि ज्याला कुणी घाबरत नाही तो कांदा सगळ्यात वर.

बाकीच्या मसाल्यांचं लवकर सांगते. हळद, जिरं, धने, आलं चिमूटभर गेलं तर काळजी नको. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील किंवा पित्ताशयाचा त्रास असेल तर हळद डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जायफळ मात्र लांब ठेवा. त्यात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. गोड पदार्थातल्या किंचित जायफळाने काही होत नाही, पण कुत्र्याने डब्यातलं अख्खं जायफळ चावून खाल्लं तर छाती धडधडणं, भेलकांडणं, नसलेल्या गोष्टींकडे बघून दचकणं असे प्रकार होऊ शकतात.

ओलीमाती

आणि चिंच? आमच्याकडे आमटीसारखं पातळ काहीही त्याला फार आवडतं, आणि त्यात चिंच असतेच.

पाऊलठसा

बरं झालं विचारलंत, कारण ही माहिती बऱ्यापैकी नवी आहे. द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे पुष्कळ वर्षं माहीत होतं, पण का होतात ते कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. बेकिंगमध्ये वापरतात ती क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या कुत्र्याला हुबेहूब तशीच मूत्रपिंडाची इजा झाली होती. पुढच्या वर्षी त्यांनी चिंच खाऊन तसाच आजार झालेल्या कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध केली. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचाच असतो.

म्हणून चिंचेचं पातळ कुत्र्याला नको. चिंचेचा गोळा भिजत घातलेलं भांडं ओट्याच्या कडेला ठेवू नका. मनुका घातलेला गोड पदार्थही नको. द्राक्षाच्या बाबतीत एखादा कुत्रा खूप खाऊनही बरा राहतो आणि दुसरा थोडक्यात जातो, त्यामुळे सुरक्षित प्रमाण कुणी सांगत नाही. पोटात गेल्याचं कळलं की लक्षणांची वाट न बघता निघायचं.

शिशिर_सकाळ

माझा अनुभव. आमच्या कुत्रीच्या जेवणात कांदा-लसूण कधीच नव्हतं, ते आम्हाला ठाऊक होतं. पण तळणीतलं, सायीचं, मटणावरची चरबी काढलेली, हे सगळं तिच्या वाट्याला यायचं. एका रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. थांबेनात. पुढचे दोन पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभी राहायची, आळस देतात तशी, पण तशीच थांबून. आम्हाला वाटलं खेळते आहे. डॉक्टरांनी पोटाला हात लावल्याबरोबर किंचाळली. स्वादुपिंडाला सूज. पाच दिवस दवाखान्यात होती. त्यानंतर आजवर तिला कमी चरबीचंच खाणं चालतं.

तेव्हा कांदा नसला म्हणजे ताटातलं द्यायला हरकत नाही, असं कृपा करून समजू नका.

पाऊलठसा

शिशिर, अगदी बरोबर आणि फार महत्त्वाचं. ती पोटदुखीचीच मुद्रा होती. स्वादुपिंडाची सूज चरबीच्या एका भरपेट जेवणानंतरही होऊ शकते. मिनिएचर श्नाउझरसारख्या काही जातींमध्ये ती जास्त दिसते, लठ्ठ कुत्र्यांमध्येही. मसालेदार जेवणावर जो तेलाचा तवंग असतो, तो माणसाला शोभेचा वाटतो, कुत्र्याच्या स्वादुपिंडाला नाही.

दीपमाळ

डॉक्टर, एक घरगुती उपाय विचारते. कुत्र्याने असं काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी असं मी वाचलं होतं. ते करावं का?

पाऊलठसा

नाही. कृपया, कुणीही, कधीही नाही. हा उपाय अजून पसरतो आहे आणि त्याने कुत्री मरतात.

मिठाचा हिशोब सांगते. दर किलोमागे २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेलं तर विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, ४ ग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. नऊ किलोच्या चिकूला १८ ग्रॅम म्हणजे सपाट तीन चहाचे चमचे. उलटी होईना म्हणून माणूस अजून एक चमचा घालतो, मग अजून एक. रक्तातलं सोडियम एकदम चढतं, मेंदूतलं पाणी ओढलं जातं, कुत्रा थरथरतो, झटके येतात. मूळ विषापेक्षा हा उपायच त्याला घेऊन जातो.

जेवणातलं नेहमीचं मीठ इतकं नसतं. पाणी भरपूर पीत असेल तर निरोगी कुत्रा ते बाहेर टाकतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला मात्र तेवढंही नको. लोणचं, खारवलेले मासे, पापड, सूपची पाकिटं यांच्यात मीठ एकवटलेलं असतं, ती पूर्ण बंद.

खरं काय करायचं: काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन, एवढं कागदावर लिहा आणि लगेच फोन करा. पाकीट असेल तर बरोबर न्या. खाऊन साधारण दोन तास झाले नसतील तर दवाखान्यात इंजेक्शन देऊन सुरक्षितपणे उलटी काढता येते. कांद्यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. पोटात राहू न देणं, नाहीतर आधार देत शरीराला सावरायला वेळ देणं, आणि गरज पडली तर रक्त चढवणं, एवढंच आमच्या हातात असतं.

वळीव

सूपच्या पाकिटांवरून आठवलं. मी कुत्रा आजारी असताना चिकनचे तयार क्यूब पाण्यात विरघळवून द्यायचे. आत्ता पाकीट उलटं करून वाचलं. कांद्याची पावडर, लसणाची पावडर, मीठ. तिन्ही. इतके दिवस कधी बघितलंच नव्हतं. आजारी जिवाला मी नेमकं हेच देत होते.

पाऊलठसा

वळीव, हे खूप घरांत होतं. लहान मुलांच्या तयार खाण्याच्या काही बाटल्यांतही कांद्याची पावडर असते, आणि अशक्त प्राण्याला लोक प्रेमाने तेच भरवतात. मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचायची सवय लावून घ्या. त्याच वाचनात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, हा शब्दही शोधा. साखर नसलेलं च्युइंग गम, काही पीनट बटर, काही टूथपेस्ट यांच्यात तो असतो. दर किलोमागे ०.१ ग्रॅमएवढ्यानेही कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात धोकादायक खाली येऊ शकते. त्याहून बराच जास्त गेला तर यकृत निकामी होऊ शकतं. मसाल्याच्या धाग्यात हे जरा बाजूचं आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ओलीमाती

आमच्याकडे मांजरही आहे आणि ती कुत्र्याच्या ताटलीत तोंड घालते. तिचं काय?

पाऊलठसा

मांजर याबाबतीत कुत्र्याहून कितीतरी नाजूक. कुत्र्याच्या रक्तात जे ठळक बदल दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅमला दिसतात, ते तिच्यात ५ ग्रॅम कांद्यानेच दिसतात. चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चमचे वाटण. त्यामुळे ताटलीत काय पडतं याचा विचार तिच्या हिशोबाने करा.

कवडसा

डॉक्टर, इतका वेळ देऊन लिहिताय, तुमचे आभार कसे मानावेत कळत नाही. आता शेवटचं विचारते. मी घरचं खाणं पूर्ण बंद करू का? पाकिटातलंच द्यायचं? आईंना ते फार जड जाईल. त्यांचा दिवस त्याला भरवण्यातच जातो.

पाऊलठसा

बंद करायची गरज नाही. फक्त क्रम बदला. घरातल्यांसाठी जे शिजवता त्यातलं चिकूचं मसाला पडायच्या आधी काढून ठेवायचं. मांस नुसतं पाण्यात उकळलं की त्याचे तुकडे आणि पाणी बाजूला काढा, मग उरलेल्याला काय करायचं ते करा. भाज्यांमधलं गाजर, भोपळा, फरसबी उकडून चालतात. अंडं उकडून. हाडं नकोत, शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतडं फाडतं. रस्सा झाल्यावर धुऊन, गाळून, पाणी घालून दिलेला चालणार नाही, कारण कांद्याचं जे वाईट आहे ते नुसतं फोडीत राहत नाही, रसातही उतरलेलं असतं.

पण रोजचं पूर्ण जेवण घरचंच करायचं असेल तर पशुवैद्यकाकडून आहार लिहून घ्या. भात आणि चिकन एवढ्याने भागत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. नाहीतर शरीर ते हाडांतून ओढून घेतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक घटक कमी पडत होता, आणि त्यातल्या काही पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणून सोपा मार्ग असा: मुख्य खाणं संतुलित तयार खाणं, आणि आईंच्या हातचं दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपर्यंत. तेवढ्यातही भरवण्याचा आनंद मिळतो. थोडं थोडं करून चार वेळा द्या, त्याला चार जेवणं झाल्यासारखं वाटेल.

आणि हिरडी बघायचं शिकून घ्या, सगळ्यांनीच. ओठ वर करायचा, हिरडीवर बोट दाबायचं आणि सोडायचं. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. तुमच्या कुत्र्याची निरोगी असतानाची हिरडी कशी दिसते ते आजच बघून ठेवा, म्हणजे बदल झाला तर कळेल. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळात काळ्या असतात. तिथे डोळ्याची खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघा.

रानवाट

सध्या आमच्याकडे कुत्रा नाही, पण शेजारच्या कुत्रीची हिरडी तिच्या मालकिणीला बोलावून बघितली. गुलाबी आहे. हा धागा तिला पाठवला. ती रोज आमच्याच गॅलरीखाली उष्ट्याची वाट बघत बसते, आणि इतके दिवस ते टाकणारा मीच होतो.

मधुमालती

कवडसा, चिकू कसा आहे गं आता?

कवडसा

ताई, काल पुन्हा रक्त काढलं. पीसीव्ही ३१. नव्या पेशी तयार होताना दिसताहेत असं डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं आहे. हिरडी अजून फिकट गुलाबी आहे, पण गुलाबी आहे. मी दिवसातून तीनदा बघते. तोही आता कंटाळून स्वतःच ओठ सैल सोडतो.

दोन दिवस तो साधं खाणं हुंगून निघून जात होता. तिसऱ्या दिवशी आईंनी उकडलेल्या चिकनचं पाणी कोमट करून भातावर घातलं आणि वाटी हातात धरून खाली जमिनीवर बसल्या. चाटूनपुसून खाल्लं. आज स्वयंपाकाला लागताना त्यांनी कांदे टोपलीतून बाहेरच काढले नाहीत. आधी त्याच्या वाटीचं उकडून झालं, ते झाकून फडताळात ठेवलं, आणि मग मला हाक मारली: "आता चिर गं कांदा."

शिशिर_सकाळ

छान बातमी. कवडसा, पाहुणे आले की त्यांनाही आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे दुसऱ्यांदा त्रास झाला तो एका प्रेमळ पाहुण्याने टेबलाखालून दिलेल्या तुकड्यामुळेच.